धाड तासाभराची, खटला वर्षांचा

राजस्थानातल्या एका खटल्यापासून सुरुवात करतो. खबर पक्की होती, सापळा नीट लागला, दोघे हाती आले आणि त्यांच्याजवळच्या पिशवीत नऊ किलोंहून जास्त अफू मिळाली. तरीही दोघे सुटले. २०१४ साली ‘राजस्थान राज्य विरुद्ध परमानंद’ या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांची सुटका कायम ठेवली. कारण एका कागदात होतं. अंगझडती घेण्याआधी प्रत्येक माणसाला सांगावं लागतं की, जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती व्हावी, असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे. इथे दोघांना मिळून एकच पत्र दिलं होतं आणि त्यावर एकाने दोघांच्या वतीने सही केली होती. शिवाय छाप्याच्या पथकातच असलेल्या अधीक्षकांसमोर झडती देण्याचा तिसरा पर्याय त्यांच्यापुढे ठेवला होता. असा पर्याय कायद्यात नाही.

‘मला एनसीबीत जायचंय’ म्हणणारी मुलं-मुली अलीकडे बऱ्याच भेटतात. सोबत काळजीत पडलेले आईवडील असतात. मी दोघांनाही आधी हा खटला सांगतो. मुलाच्या डोळ्यांपुढे मध्यरात्रीचं दार असतं, धावपळ असते, दुसऱ्या दिवशीच्या बातम्या असतात. आईवडिलांच्या डोळ्यांपुढे कुठून तरी येणारी गोळी असते. दोघांच्याही चित्रात तो कागद नसतो. पण या नोकरीतला दिवसाचा मोठा भाग त्या कागदातच जातो आणि पकडलेला माणूस शिक्षा भोगतो की घरी जातो, हेही तिथेच ठरतं. ज्याला अचूक लिहिण्याचा, वाट पाहण्याचा आणि तेच कलम दहाव्यांदा वाचण्याचा कंटाळा नाही, त्याने या वाटेचा जरूर विचार करावा, असं माझं मत आहे. बाकीच्यांनी आधी पुढचं वाचावं.

हे काम नेमकं करतं कोण?

अमली पदार्थांचा देशातला मुख्य कायदा १९८५ चा. कोर्टात आणि पोलीस ठाण्यात सगळे त्याला ‘एनडीपीएस’च म्हणतात. तो लागू झाल्यावर १७ मार्च १९८६ रोजी नार्कोटिक्स कंट्रोल ब्युरो, म्हणजे एनसीबी, स्थापन झाली. ही केंद्रीय गृहमंत्रालयाच्या अखत्यारीतली संस्था आहे. पण अमली पदार्थ पकडण्याचा अधिकार एकट्या एनसीबीकडे आहे, असं समजणं चूक आहे. राज्यांचे पोलीस, कस्टम्स, महसूल गुप्तचर संचालनालय म्हणजे डीआरआय, ग्वाल्हेरला मुख्यालय असलेला केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरो आणि एप्रिल २०१९ पासून रेल्वे सुरक्षा दल, असे अनेक जण हे काम करतात. महाराष्ट्रात सर्वसामान्य माणसाच्या कानावर येणाऱ्या बहुतेक कारवाया पोलिसांच्या असतात. मुंबई पोलिसांत गुन्हे शाखेखाली अमली पदार्थविरोधी कक्ष आहे आणि पोलीस ठाण्यांतली पथकंही छापे घालतात. गोवा पोलिसांचाही असा स्वतंत्र कक्ष आहे.

प्रत्येकाचं शेत वेगळं आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते, औषधांसाठी. त्या शेतकऱ्यांचे परवाने, मोजणी आणि चोरून बाहेर जाणारा चीक हा केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा रोजचा विषय. डीआरआय बंदरं आणि विमानतळांवर नजर ठेवते. सप्टेंबर २०२१ मध्ये गुजरातच्या मुंद्रा बंदरात तिने २,९८८ किलो हेरॉईन पकडलं. कागदोपत्री तो माल म्हणजे अफगाणिस्तानातून आलेले टाल्कचे दगड होते. पुढच्याच वर्षी आपल्या न्हावाशेवा बंदरात दिल्ली पोलिसांच्या विशेष कक्षाने ज्येष्ठमधाने भरलेला कंटेनर शोधला. सुमारे २० टन माल होता आणि ज्येष्ठमधाच्या काड्यांनाच हेरॉईनचा लेप दिलेला होता. अशा वेळी कामाला येतो तो आयातीची कागदपत्रं वाचू शकणारा माणूस. अमुक कंपनीने आजवर हा माल कधी मागवलेला नाही, मग आताच का मागवला, हा प्रश्न त्याला पडावा लागतो.

महाराष्ट्रातलं चित्र गेल्या दहा वर्षांत बदललं आहे आणि करिअरच्या दृष्टीने तो बदल महत्त्वाचा आहे. गांजा आंध्र-ओडिशाच्या डोंगराळ भागातून रस्त्याने आणि रेल्वेने येतो, ते जुनंच. पण मेफेड्रोन, म्हणजे ज्याला पोलीस आणि विकणारे दोघेही ‘एमडी’ म्हणतात, ते रसायन आहे. ते शेतात उगवत नाही, औद्योगिक वसाहतीत बनतं. फेब्रुवारी २०१५ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली तेव्हा कुठे ते एनडीपीएस कायद्याखाली आलं. त्याआधी तपास अधिकाऱ्याच्या हातात माल असायचा, पण हा कडक कायदा लावता येत नसे. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी शहरातल्या काही अटकांपासून धागा पकडला आणि तो दौंड तालुक्यातल्या कुरकुंभ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यापर्यंत नेला. पुढे सांगलीजवळचं कुपवाड आणि थेट दिल्ली इथेही माल मिळाला. एकूण जप्ती दीड हजार किलोंच्या वर गेली. अशा तपासात कोणतं रसायन कोणत्या प्रक्रियेत लागतं, कारखान्याच्या खरेदी नोंदीत ते किती दिसतं आणि परवान्यावरच्या उत्पादनाशी ते जुळतं का, हे कळणारा अधिकारी लागतो. बीएस्सी रसायनशास्त्राच्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

एक जप्ती, जवळून

समजा, खबऱ्याने सांगितलं की उद्या रात्री अमुक लॉजच्या खोलीत एमडी येणार आहे. अधिकारी ही खबर आधी लिहून काढतो. कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे ती ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे पोहोचली पाहिजे. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय बंद जागेत शिरायचं असेल, तर वॉरंट आणत बसलो तर आरोपी निसटेल किंवा पुरावा नाहीसा होईल असं का वाटलं, हेही लिहावं लागतं. ठाण्यातून निघताना डायरीत नोंद होते. दोन पंच बोलावले जातात. वजनकाटा, कोरी पाकिटं, लाख, सील, लेबलं आणि तपासणी किट गाडीत आहेत की नाही, हे पाहिलं जातं. यातली एक वस्तू विसरली तर रात्री दोन वाजता ती कुठे मिळणार?

खोलीत शिरल्यावर पथक आणि पंच आधी स्वतःची झडती देऊ करतात, म्हणजे ‘माल तुम्हीच ठेवलात’ असं पुढे कोणी म्हणू नये. मग आरोपीला त्याच्या हक्काचं पत्र. त्याला मराठी येत नसेल तर त्याला समजेल त्या भाषेत. मग झडती. माल सापडला की वजन, पण कसलं? पिशवीसकट की पिशवीविना? पंचनाम्यात दोन्ही आकडे हवेत. कारण शिक्षा वजनावर ठरते. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’ आणि २० किलोंच्या वर ‘व्यावसायिक प्रमाण’. हेरॉईनसाठी हेच आकडे ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, एमडीसाठी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला जास्तीत जास्त एक वर्षाची शिक्षा आहे, व्यावसायिक प्रमाणाला किमान १० आणि कमाल २० वर्षं. ४९ ग्रॅम आणि ५१ ग्रॅम यांच्यामध्ये एका माणसाची दहा वर्षं असतात.

पंचनामा जागेवर लिहिला जातो. किती वाजता सुरू केला, किती वाजता संपवला, खोलीत पलंग कुठे, खिडकी कुठे, बॅग कोणत्या रंगाची, चेन कुणी उघडली. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि तिच्या कलम १०५ मुळे झडती व जप्तीचं ध्वनिचित्रमुद्रणही करावं लागतं. मुद्देमालावर लाखेचं सील, त्यावर पंचांच्या सह्यांचं लेबल. मग अटकेचा आणि जप्तीचा सविस्तर अहवाल ४८ तासांत वरिष्ठांना. नमुने पूर्वी जागेवरच काढत. आता कलम ५२अ आणि २०२२ चे नियम यांप्रमाणे ते दंडाधिकाऱ्यांच्या समक्ष काढले जातात. तिथून ते प्रयोगशाळेत जातात. ‘सीए रिपोर्ट आला का?’ हा प्रश्न या खात्यात रोज विचारला जातो. सीए म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझर, सरकारी रासायनिक विश्लेषक. व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषारोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात. ते दिवस ऐकायला पुष्कळ वाटतात, पण एका अधिकाऱ्याकडे अशी अनेक प्रकरणं एकाच वेळी असतात.

यानंतर खटला. तो लागतो तेव्हा अधिकाऱ्याची बदली झालेली असते, एखादा पंच फितूर झालेला असतो. समन्स मिळालं की गडचिरोलीत असलेल्या अधिकाऱ्यालाही मुंबईच्या कोर्टात हजर व्हावं लागतं. निवृत्तीनंतरही साक्षीचं समन्स येतं. बचाव पक्षाचा वकील विचारतो, ‘सील कोणाकडे होतं? पंचनामा संपल्यावर सील कोणाच्या ताब्यात दिलंत? नोंद दाखवा.’ नोंद असेल तर उत्तर एका ओळीचं. नसेल तर पथकाची सगळी मेहनत तिथेच संपते.

२०२० साली तोफान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की, या कायद्याखाली तपास करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. म्हणजे माणूस धरला, त्याच्याकडून लिहून घेतलं आणि काम झालं, हा रस्ता बंद झाला. मला हा निर्णय या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांच्या दृष्टीने फार चांगला वाटतो. आता फोनच्या नोंदी, बँकेचे व्यवहार, कुरिअरच्या पावत्या, सीसीटीव्ही जमवावे लागतात. म्हणजे हुशार मुलांना इथे खरोखर वाव आहे. जून २०२३ मध्ये एनसीबीने एलएसडीचे सुमारे १५ हजार ब्लॉट पकडले. ते जाळं डार्कनेट, क्रिप्टो चलन आणि कुरिअर यांवर चालत होतं. तिथे दरवाजा फोडणाऱ्यापेक्षा पडद्यावरचे व्यवहार जोडू शकणारा अधिकारी महत्त्वाचा ठरतो. कॉमर्सच्या मुलांनाही यात जागा आहे. तस्करीच्या पैशातून घेतलेली घरं आणि गाड्या शोधून गोठवण्याची तरतूद याच कायद्यात आहे आणि हिशेब वाचणारी नजर खात्यात नेहमीच कमी पडते.

आत जाण्याचे दरवाजे

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत. ‘अमली पदार्थ तपास अधिकारी’ नावाची एकच परीक्षा कुठेही होत नाही. तसा अभ्यासक्रम पूर्ण करून थेट नोकरी देतो, असं कोणी खासगी संस्था म्हणत असेल तर तिथे पैसे भरू नका.

पदवीधरांसाठी सर्वांत सरळ दरवाजा म्हणजे कर्मचारी निवड आयोगाची सीजीएल परीक्षा. शाखा कोणतीही चालते. एनसीबीतलं ज्युनिअर इंटेलिजन्स ऑफिसर किंवा उपनिरीक्षक हे पद अलीकडे या परीक्षेतून भरलं जातं. वेतनस्तर ६, म्हणजे मूळ वेतन ३५,४०० रुपयांपासून. केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोतले निरीक्षक-उपनिरीक्षक आणि कस्टम्सचे निरीक्षकही याच परीक्षेतून येतात. कस्टम्स निरीक्षकाचा वेतनस्तर ७, मूळ वेतन ४४,९०० रुपयांपासून. मुंबईत कस्टम्सची प्रिव्हेंटिव्ह ऑफिसर म्हणून रुजू झालेली मुलगी विमानतळाच्या गुप्तचर पथकात जाऊ शकते, पुढे डीआरआयमध्येही. कस्टम्स निरीक्षकाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांना १,६०० मीटर १५ मिनिटांत चालावं लागतं आणि ८ किलोमीटर ३० मिनिटांत सायकल चालवावी लागते. अनेक मुलं लेखी परीक्षेच्या अभ्यासात सायकलचं विसरतात. उंची, दृष्टी आणि वयाचे निकष पदागणिक वेगळे आहेत, म्हणून त्या वर्षाची जाहिरात स्वतः वाचा. कोचिंगच्या पत्रकावर विसंबू नका.

दुसरा दरवाजा राज्याचा. एमपीएससीतून पोलीस उपनिरीक्षक व्हायचं, नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण घ्यायचं आणि नेमणूक मिळेल तिथे जायचं. सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये. उंचीची अट पुरुषांसाठी १६५ सेंटीमीटर, महिलांसाठी १५७. बारावीनंतर लगेच कमवायची गरज असलेल्या घरातल्या मुलासाठी पोलीस शिपाई भरती आहे. मी त्या वाटेला कधीच कमी लेखत नाही. कक्षातली अस्सल माहिती बहुतेक वेळा शिपाई आणि हवालदारच आणतात. गल्ली, खबरे आणि नवी नावं त्यांनाच ठाऊक असतात. खात्यांतर्गत परीक्षा देऊन उपनिरीक्षकही होता येतं.

तिसरा दरवाजा यूपीएससी. आयपीएस किंवा कस्टम्सची आयआरएस सेवा मिळाली तर पुढे एनसीबीत किंवा डीआरआयमध्ये प्रतिनियुक्तीवर नेतृत्व करायला मिळतं. पण त्या परीक्षेची तयारी या एका विषयासाठी करू नये. ती सेवा फार व्यापक आहे.

आता पदोन्नती. ही गोष्ट आईवडिलांना कुणी नीट सांगत नाही. राज्य पोलिसांत उपनिरीक्षक, सहायक निरीक्षक, निरीक्षक आणि मग सहायक आयुक्त किंवा उपअधीक्षक, अशी शिडी आहे. ती हळू सरकते आणि जागा रिकाम्या होण्यावर अवलंबून असते. अमली पदार्थविरोधी कक्ष ही त्या प्रवासातली नेमणूक असते, कायमची जागा नव्हे. दोन-तीन वर्षांनी बंदोबस्त, ठाणं, निवडणूक, कधी वाहतूक. ज्याला जन्मभर हाच विषय हवा आहे, त्याने हे आधी मनाशी पक्कं करावं. एनसीबीत विषय सुटत नाही, पण ती संस्था लहान आहे, तिथे बऱ्याच जागा इतर दलांतून प्रतिनियुक्तीवर आलेल्यांनी भरल्या जातात आणि बदली देशात कुठेही होते: आज मुंबई, उद्या इम्फाळ किंवा जम्मू. कस्टम्समध्ये निरीक्षक, अधीक्षक, सहायक आयुक्त अशी चढण आहे आणि त्यात काहींची मधली वर्षं जीएसटीच्या कार्यालयातही जातात. माझा सल्ला असा, की मुलाला पोलीस किंवा कस्टम्स ही मूळ नोकरीच आवडते का, ते आधी पाहा. ती आवडली तर अमली पदार्थांची वर्षं आपोआप अर्थपूर्ण होतात.

वर्दीत जायचं नाही पण विषय सोडवत नाही, अशांसाठी बाजूच्या वाटा आहेत आणि माझ्या मते काही मुलांसाठी त्याच अधिक योग्य आहेत. न्यायसहायक विज्ञान शिकून मुंबईतल्या कलिन्याच्या किंवा नागपूर, पुणे, नाशिक इथल्या सरकारी प्रयोगशाळांत विश्लेषक होता येतं; मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला या विषयाच्या शासकीय संस्था आहेत. बी. फार्म झालेल्यांना अन्न व औषध प्रशासनात औषध निरीक्षक होता येतं. खोकल्याची औषधं आणि झोपेच्या गोळ्या नशेसाठी वळवल्या जातात, तिथे हीच मंडळी पुढे असतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी अभियोक्त्याचं काम आहे. चांगला सरकारी वकील तपास अधिकाऱ्याला त्याच्या चुका कोर्टात उघड होण्याआधीच दाखवून देतो.

आईवडिलांच्या प्रश्नांविषयी

धोका आहे. नाही म्हणणार नाही. पण तो सिनेमात दिसतो तितका रोजचा नसतो. छापे पथकासह पडतात, तयारीने पडतात. त्याहून मोठा आणि रोजचा ताण म्हणजे अनियमित झोप, सुट्टीच्या दिवशी वाजणारा फोन आणि घरात कामाविषयी बोलता न येणं. लग्नाच्या वयाच्या मुलांच्या आईवडिलांनी हे आधीच समजून घ्यावं.

मुलीच्या बाबतीत आईवडील अधिक घाबरतात. त्यांनी कायद्याचं कलम ५०, पोटकलम ४ वाचावं. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यायची, असं तिथे लिहिलं आहे. तस्करीत स्त्रियांना वाहक म्हणून सर्रास वापरलं जातं. म्हणजे महिला अधिकारी नसेल तर पथकाला पुढे जाताच येत नाही. मुलींची इथे रोजची आणि कायदेशीर गरज आहे, आणि ज्या मुली या कामात गेल्या आहेत त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

दुसरी भीती पैशाची. ‘त्या खात्यात वाईट सवयी लागतात’ असं कुजबुजत विचारलं जातं. पकडलेल्या मालाची किंमत कोटींत असते आणि अधिकाऱ्याचा पगार हजारांत, हे खरं आहे. मोह समोर येतो. पण याच कायद्यात वाईट हेतूने झडती घेणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा आहे (कलम ५८) आणि गुन्हेगाराला जाणूनबुजून मदत करणाऱ्याला किमान दहा वर्षांची सजा आहे (कलम ५९). तिथे टिकायचं तर स्वतःची डायरी स्वच्छ ठेवावी लागते.

मला याहून गंभीर वाटते ती उलटी बाजू. कलम ३७ मुळे व्यावसायिक प्रमाणाच्या गुन्ह्यात जामीन मिळणं अतिशय अवघड असतं. अधिकाऱ्याने घाईने किंवा गर्वाने चुकीच्या माणसाचं नाव घातलं तर तो निर्दोष सुटेपर्यंत त्याची तरुण वर्षं तुरुंगात जातात. मुंबईतल्या एका गाजलेल्या प्रकरणात मे २०२२ मध्ये एनसीबीने स्वतःच सहा जणांना पुरेशा पुराव्याअभावी दोषारोपपत्रातून वगळलं. तोवर त्यातल्या तरुणांना अटक होऊन गेली होती, घराघरांत त्यांची चर्चा होऊन गेली होती. आपल्या मुलाच्या हातात एवढी सत्ता येणार असेल तर तो रागीट आहे का, चूक कबूल करतो का, दुर्बळ माणसाशी कसा बोलतो, हे घरातल्यांइतकं कुणाला ठाऊक असणार? ते प्रामाणिकपणे पाहा. या कामासाठी ती पात्रता मला उंची-छातीइतकीच आवश्यक वाटते.

आणखी एक गोष्ट. पथकाला भेटणारा प्रत्येक जण तस्कर नसतो. खिशात दोन पुड्या असलेला, हात थरथरणारा एकोणीस वर्षांचा मुलगा भेटतो, आणि त्याची आई ठाण्याबाहेर बसलेली असते. एनसीबी स्थापन झाली त्याच वर्षी, १९८६ मध्ये, डॉ. अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. ब्राऊन शुगरने, म्हणजे गर्दने, मुंबई-पुण्याची तरुण मुलं तेव्हा होरपळत होती. कायद्यातही कलम ६४अ आहे: अल्प प्रमाणासह सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून उपचाराला तयार झाला, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. चांगला अधिकारी हे कलम त्या आईला समजावून सांगतो. विक्रेत्याचा माग लावणं आणि व्यसनी मुलाला उपचारापर्यंत पोहोचवणं, या दोन्ही कामांसाठी वेगवेगळं मन लागतं आणि ते एकाच माणसाकडे असावं लागतं. व्यसनाविषयी मदत हवी असेल किंवा विक्रीची माहिती द्यायची असेल तर एनसीबीची ‘मानस’ हेल्पलाईन १९३३ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक करिअरच्या पानावर देतोय, कारण वाचणाऱ्या एखाद्या घराला तो वेगळ्याच कारणाने लागू शकतो. आणि ‘तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, आम्ही एनसीबीतून बोलतोय, व्हिडिओ कॉलवर बसून राहा’ असा फोन आला तर तो बंद करा. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कोणत्याही कायद्यात नाही.

विद्यार्थ्यांसाठी एवढंच: कॉलेजातली एक पार्टी, एक गुन्हा दाखल, आणि चारित्र्य पडताळणीत सगळे दरवाजे बंद. सेवन हाही या कायद्याखाली गुन्हाच आहे.

कॉलेजच्या वर्षांत काय करावं

कोणती शाखा घ्यावी, यावर फार डोकं खपवू नका. रसायन, वाणिज्य, कायदा, संगणक, सगळ्याला इथे उपयोग आहे. मराठीबरोबर हिंदी आणि इंग्रजी लिहिता आली पाहिजे. कन्नड, तेलुगू किंवा बंगाली समजत असेल तर मुंबई-पुण्यात ती मोलाची ठरते. रोज अर्धा तास काहीतरी पाहिलेलं लिहून काढायची सवय लावा: चौकातला अपघात, बाजारातलं भांडण. कोण कुठे उभं होतं, काय ऐकलं, किती वाजले होते. स्वतःचं मत त्यात घालू नका. आठवड्याने वाचून पाहा, त्यातून जागा डोळ्यांपुढे उभी राहते का? पंचनामा लिहिण्याची याहून चांगली तयारी मला माहीत नाही.

आणि सुट्टीत एक दिवस आईवडिलांसह सत्र न्यायालयात जा. एनडीपीएसची प्रकरणं चालवणारी विशेष न्यायालयं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत आहेत आणि त्यांचं कामकाज साधारणपणे कुणालाही बसून ऐकता येतं. ओळखपत्र घ्या, मोबाईल बंद ठेवा, बाहेर लावलेला दिवसाचा बोर्ड पाहा आणि जिथे तपास अधिकाऱ्याची साक्ष लागली आहे तिथे मागच्या बाकावर बसा. उलटतपासणी दोन तास चालेल, मध्ये तारीखही पडेल. मुलगी पंधरा मिनिटांत कंटाळून फोन शोधायला लागली, तर तेही वेळेवर कळलेलं बरं. ‘दोन कागदांवर वजन वेगळं का लिहिलं होतं?’ असं तिने परतताना विचारलं, तर सीजीएलची पुढची जाहिरात कधी येते ते पाहायला लागा, आणि तिची सायकल दुरुस्त करून घ्या.